राक्षस थांबेनासा झाला

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी आठवीत होते. नाशिकला सिडकोतल्या एका कॉम्प्युटर क्लासने नवी मशिन्स घेतली आणि जुनी काढून टाकली, त्यातलं एक बाबांनी आणलं. बाबा ओझरला विमानाच्या कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला होते. पुढे सगळी ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवरच होणार असं त्यांच्याकडे बोललं जायचं, तेव्हा मुलीला ते आत्तापासून यायला हवं, असं त्यांनी ठरवलं. आईने मॉनिटरसाठी जुन्या पडद्याचं झाकण शिवलं, त्याला खाली झालर लावली, आणि कॉम्प्युटरपुढे बसायचं तर पाय धुवून बसायचं असा नियम केला. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या मशिनमध्ये टायपिंग शिकवणारा एक प्रोग्राम होता आणि क्लासच्या कुठल्यातरी मुलाने मागे ठेवलेला एक खेळ होता. टायपिंग मी चार दिवस शिकले. पाचव्या दिवशी खेळ सापडला.

त्याची गोष्ट साधी होती. एका गावाची नदी आटते. वर डोंगरात एक राक्षस नदीच्या उगमावर बसलाय, असं गावकरी सांगतात. गावातला एक मुलगा लाकडी तलवार घेऊन निघतो. सात गुहा पार करून त्याला राक्षसापर्यंत पोचायचं असतं, आणि तो मुलगा म्हणजे आपण. वाटेत बारीकसारीक भुतं भेटतात. त्यांना हरवलं की मुलाच्या अंगात जरा जास्त बळ येतं, म्हणजे त्याची लेव्हल वाढते. चित्रं ओबडधोबड, मुलगा नखाएवढा, आणि संगीत म्हणजे दाराची बेल बिघडल्यावर वाजते तसं. सगळा मजकूर इंग्रजीत होता, तोही राजेरजवाड्यांच्या काळातल्या इंग्रजीत.

लढाईत घाई नसायची. भूत समोर येऊन उभं राहायचं आणि खाली चार शब्द यायचे: हल्ला, मंत्र, औषध, पळ. त्यातलं एक निवडून एंटर दाबायचं. मग आपला मुलगा मारणार, मग भूत मारणार, मग पुन्हा आपली पाळी. बुद्धिबळासारखंच, फक्त हरलं की मरायचं.

एका रविवारी दुपारी आईने मला तीनदा जेवायला हाक मारली. तिन्ही वेळा मी सांगितलं की लढाई चालू आहे, मध्ये उठता येत नाही. चौथ्या वेळी ती हातात उलथनं घेऊनच बाहेर आली आणि माझ्या मागे उभी राहिली. पडद्यावर हिरवट रंगाचा, डिंकाच्या गोळ्यासारखा एक प्राणी होता. आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हा काही करत का नाहीये?"

"माझी पाळी आहे. मी बटण दाबेपर्यंत तो काही करत नाही."

"आणि तू संध्याकाळपर्यंत दाबलंच नाहीस तर?"

"तरी नाही करणार."

"मग ऊठ आणि पानावर बस. तो तुझ्यापेक्षा समजूतदार आहे."

त्या दिवसापासून लढाईचं कारण सांगायची सोय संपली. मी काहीही म्हटलं तरी आई आतूनच म्हणायची, थांबेल तो.

पुढच्या आठवड्यात एक चमत्कार झाला. मी सोमवारी शाळेत गेले तेव्हा माझा मुलगा चौथ्या लेव्हलवर होता. संध्याकाळी आले तर पाचव्यावर. मंगळवारी सहाव्यावर. त्या खेळात आपली प्रगती जपून ठेवायची तर गावातल्या देवळात जाऊन पुजाऱ्याशी बोलावं लागे, म्हणजे हे काम करणाऱ्याला देऊळही माहीत होतं. मी बाबांना विचारलं. त्यांना कॉम्प्युटर चालू कुठून करतात तेही ठाऊक नव्हतं, आणि त्यांचा संशय माझ्यावरच होता की मी शाळा बुडवून घरी येते. बुधवारी मी एंटरच्या बटणाकडे नीट पाहिलं. त्याच्या कडेला कणीक वाळून बसली होती.

आई महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, सकाळच्या सत्रात. साडेबाराला ती घरी यायची, तेव्हा मी शाळेत असायचे आणि बाबा ओझरला. संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक मळायच्या आधी आणि मळल्यानंतर तिच्याकडे पुष्कळ वेळ होता. मी कणीक दाखवली तेव्हा ती म्हणाली की ती धूळ पुसत होती आणि पुसता पुसता मशीन चालू झालं. आणि लेव्हल? तीही झाली, म्हणाली.

पुढची दोन वर्षं तो खेळ आम्ही दोघींनी मिळून खेळलो. म्हणजे खेळली ती, मी मधूनमधून जागा राखली. तिला तो इतका का भावला ते मला तेव्हाच कळलं होतं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एक लढाई व्हायची. मेथी निवडताना दर चार काड्यांनी एक हल्ला करता यायचा. दारात कुणी आलं, तर राक्षसाला तसंच उभं करून ती चहा टाकायची, पाहुण्यांची विचारपूस करायची, त्यांना जिन्यापर्यंत पोचवायची, आणि परत येऊन उरलेला घाव घालायची. घरातलं दुसरं कुणीच तिच्यासाठी इतका वेळ तिष्ठत उभं राहत नव्हतं.

तिची खेळायची तऱ्हा माझ्यापेक्षा अगदी निराळी होती. मी धावत पुढच्या गुहेत शिरायचे आणि मरायचे. आई पहिल्या गावाबाहेरच्या कुरणातून तीन महिने हललीच नाही. तिथले ते डिंकाचे गोळे, ते एकेका घावात मरतात, पण ती रोज पंधरा-वीस मारायची. मी वैतागायचे. ती म्हणायची, पाया पक्का झाल्याशिवाय पुढचा धडा घ्यायचा नाही. आणि खरंच, ती पहिल्या गुहेत शिरली तेव्हा आतल्या भुतांची इतकी दाणादाण उडाली की मला त्यांची दया आली.

दुसरी गोष्ट म्हणजे औषधं. वाटेत औषधी पाला मिळायचा, जखम झाली की खायचा. आईने तो कधीच खाल्ला नाही. मुलगा अर्धमेला झाला तरी ती त्याला चालवत देवळापर्यंत न्यायची, पण पाल्याला हात लावायची नाही. पुढे लागेल, असं म्हणायची. शेवटी तिच्याकडे नव्वदच्या वर जुड्या होत्या. जुन्या तलवारीही ती टाकत नसे. आणि प्रत्येक गावात शिरल्यावर ती एकूण एक माणसाशी बोलायची, कोंबडीजवळ उभ्या असलेल्या पोराशीसुद्धा. तिच्या शाळेत इंग्रजी पहिलीपासून नव्हतं आणि तिचं स्वतःचं इंग्रजी बेताचं होतं. पण इथेही घाई नव्हती. मजकूर पडद्यावर थांबून राहायचा, ती शब्दकोश काढायची, शब्द शोधून एका जुन्या वहीत लिहायची. त्यामुळे तिचं इंग्रजी भलत्याच दिशेने सुधारलं. दुकानात बिल मागताना ती अडखळायची, पण बाल्कनीतल्या पारव्यांना 'बिगॉन', म्हणजे चालते व्हा, म्हणून हाकलायची.

बाबा कधी खेळले नाहीत. मात्र गुहांमध्ये आम्ही फार हरवायचो, कारण खेळात नकाशा नव्हता. एकदा आई चौथ्या गुहेत चार दिवस तेच तेच वळण घेत राहिली, तेव्हा पेपर वाचता वाचता ते म्हणाले की हे कागदावर का घेत नाही. कारखान्यातून एक टाचणीही घरी आणायची नाही असा त्यांचा बाणा होता, म्हणून त्यांनी मेन रोडवरून स्वतः आलेख वही विकत आणली. मग संध्याकाळी आई चालायची, तोंडाने पावलं मोजायची, आणि बाबा चौकोन भरायचे. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट, त्यात गुहेचा क्रमांक, प्रमाण, काढणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. तपासणारी मी. चूक दुरुस्त झाली की नकाशाला सुधारित आवृत्ती म्हणून पुढचं अक्षर मिळायचं. सहाव्या गुहेचा नकाशा 'एफ'पर्यंत गेला होता.

माझं दहावीचं वर्ष आलं तेव्हा आई सातव्या गुहेच्या शेवटच्या दारापाशी होती. पलीकडे राक्षस. तिने ठरवलं की माझी परीक्षा होईपर्यंत दार उघडायचं नाही, कारण मी अभ्यासाला बसलेली असताना तिने राक्षस मारणं बरं दिसणार नाही. मार्चमध्ये माझी परीक्षा संपली आणि एप्रिलमध्ये कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीला आलेला माणूस फार मन लावून काम करणारा होता. दोन तास बसला, घाम पुसत पुसत सगळं खोललं, आणि शेवटी समाधानाने म्हणाला, "फॉरमॅट मारलाय वहिनी. आतला सगळा कचरा काढून टाकला. आता बघा कसा पळतो."

आईने त्याला चहा दिला, वर दोन बिस्किटं दिली. तो गेल्यावर तिने मला हळूच विचारलं, सगळंच गेलं का. मी हो म्हटलं. खेळाच्या फ्लॉप्या नव्हत्या, क्लास केव्हाच बंद झाला होता, आणि माझ्या ओळखीत कुणाकडे तो खेळ नव्हता. आई स्वयंपाकघरात गेली. जरा वेळाने तिथून म्हणाली, नव्वद जुड्या होत्या.

त्यानंतर दहाएक वर्षं गेली. मी पुण्याला नोकरीला लागले, बाबा निवृत्त झाले, आईची शाळा अजून दोन वर्षं होती. एक दिवस ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्याने सांगितलं की तो जुना खेळ नव्याने काढलाय, तीच गोष्ट, पण सगळं पहिल्यापासून बनवलंय. त्याने सीडी दाखवली. मुखपृष्ठावर तोच मुलगा होता, पण आता त्याला नाक होतं. मी त्याच दिवशी एक सीडी घेतली. मधल्या काळात घरी दुसरा कॉम्प्युटर आला होता, त्यावर चित्रं नीट दिसावीत म्हणून दिवाळीला नाशिकला जाताना सीडीबरोबर एक चांगलं ग्राफिक्स कार्डही घेऊन गेले.

आईने आधी गावच पाहून घेतलं. गवत हलत होतं, विहिरीवर सावली पडत होती, कोंबडीजवळच्या पोराला आता चेहरा होता आणि तो शेंबडा होता. दुपार झाली तशी बाजारातली दुकानं बंद झाली आणि दुकानदार घरी गेले. हा बदल आईला मनापासून पटला. माणसं जेवणार कधी नाहीतर, म्हणाली. लोक आता तोंडाने बोलायचे, भराभर, आणि तिला शब्द पकडता येईना, तेव्हा मी खाली अक्षरं उमटायची सोय लावून दिली. मुलाच्या जोडीला एक म्हातारा सैनिक दिला होता, जुन्या खेळात तो नव्हता. तो सतत सूचना करायचा. इकडून चल, मागे बघ, ढाल वर धर. आईने दहा मिनिटं सहन केलं आणि याला गप्प करता येतं का विचारलं. येत नव्हतं.

मग ती सवयीप्रमाणे कुरणात गेली. डिंकाचा गोळा समोर आला. आता तो चकाकत होता, आतून दिवा लावल्यासारखा. आईने चष्मा सारखा केला, चार शब्द कुठे दिसतात ते शोधू लागली, आणि तेवढ्यात गोळ्याने उडी मारून मुलाला आडवा केला.

"अगं, माझी पाळी कुठाय?"

मला सांगावं लागलं की पाळी राहिली नाही. आता लढाई आपोआप चालू राहते, आपणच धावायचं, चुकवायचं, मारायचं. थांबलं की मार खायचा. आईने पुन्हा प्रयत्न केला. मुलगा गोल गोल फिरला, विहिरीच्या कठड्याला भिडला, तलवार हवेत चालवत राहिला, आणि पडला. म्हातारा सैनिक म्हणाला, सावध राहा.

दोन दिवसांत बाकीचे बदलही एकेक करून पुढे आले. पाठीवरच्या पिशवीत औषधाच्या दहाच जुड्या मावायच्या. अकरावी उचलली की पडद्यावर लिहून यायचं की जागा नाही. आईने पिशवीची बाकीची जागा कशाने अडलीय ते शोधलं, जुन्या दोन तलवारी टाकल्या, तरी दहाच. नव्या खेळात देवळात जायची गरज नव्हती, कुठेही उभं राहून प्रगती जपता यायची, तर आईला वाटलं की मग पुजाऱ्याचं काय. आणि सगळ्यात मोठा घोळ झाला तो कुरणात. पूर्वीच्या चिकाटीने ती चौथ्या लेव्हलला पोचली आणि तिच्या लक्षात आलं की गोळे पूर्वीइतकेच जड जातायत. मी माहितीपुस्तिका पाहिली. त्यात अभिमानाने लिहिलं होतं की या आवृत्तीत शत्रूही आपल्याबरोबर बलवान होत जातात.

"म्हणजे मी अभ्यास केला, की पेपर अवघड काढणार?"

मी म्हटलं, तसंच काहीसं. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला हे समजावणं माझ्याच्याने होईना.

बाबांनाही वेगळा धक्का बसला होता. आता पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा होता आणि कुठे जायचं ते दाखवणारा सोनेरी बाण होता. कपाटातून आलेख वही काढून ते शेजारी बसले होते. पहिल्या गुहेत त्यांनी वहीत पाहिलं, पडद्यावर पाहिलं, आणि सांगितलं की पश्चिमेकडची आडवी बोळ काढून टाकलीय. कुणी काढली, का काढली, कुठे नोंद नाही. त्यांनी लाल पेन आणायला मला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जे झालं ते मला सांगायला आवडत नाही. पहिल्या गुहेच्या शेवटी एक मोठं वटवाघूळ आहे. आई त्याच्यापुढे सहा वेळा हरली होती. मी मागे उभी राहून सांगत होते, डावीकडे, आता मार, आता नको, अगं आता, लवकर. माझा आवाज चढत गेला ते मला कळलं नाही. सातव्या वेळी वटवाघूळ मरायला टेकलं होतं आणि आई योग्य बटण शोधत होती. मी तिच्या हाताखालून माउस काढून घेतला, दोन सेकंदांत वटवाघूळ मारलं आणि म्हटलं, हे बघ, इतकं सोपं आहे.

आई पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "झालं ना? बरं." ती उठली आणि आत जाऊन चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करायला लागली. दिवाळीचे उरलेले दिवस ती कॉम्प्युटरकडे फिरकली नाही. मी दोनदा म्हटलं, खेळायचं का. ती म्हणाली की कामं पडलीत. माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती, निघताना डबाही भरून दिला. पण सिन्नर मागे पडेपर्यंत मी बसच्या खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला माझा तो आवाज ऐकू येत होता. मी लहान असताना तिने माझी वेणी एकदाही घाईने घातल्याचं मला आठवत नव्हतं.

पुण्याहून फोनवर मी तो विषय टाळला. तिनेही काढला नाही. महिनाभराने मी पुन्हा घरी गेले ती शनिवारी दुपारी, न कळवता. दार बाबांनी उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून मला आत घेतलं. आई कॉम्प्युटरपुढे बसली होती. पडद्यावर दोन लांडगे हवेत होते, उडी मारताना जिथे होते तिथेच गोठलेले, जबडे उघडे. आई त्यांच्याकडे बघत कोथिंबीर निवडत होती. चार काड्या झाल्या. तिने एक बटण दाबलं, लांडगे पुढे आले, मुलगा बाजूला सरकला, तिने पुन्हा तेच बटण दाबलं. लांडगे पुन्हा गोठले. आता त्यांची पाठ मुलाकडे होती. आईने आणखी दोन काड्या निवडल्या, मग घाव घातला.

हे तिला कसं सापडलं ते बाबांनी सांगितलं. मी गेल्यानंतर दोन आठवडे ती बसली नव्हती. मग एका दुपारी, कुणी घरी नाही असं बघून, बसली, आणि मी मारलेलं वटवाघूळ न धरता त्याच्या आधी जपलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात केली. लढाई रंगात असताना गॅसवाल्याने बेल वाजवली, गडबडीत तिचा अंगठा स्पेसबारवर पडला आणि सगळं थिजलं. तिने सिलिंडर घेतला, वॉशर तपासून घेतला, रेग्युलेटर लावून घेतला, आणि परत आली तर वटवाघूळ पंख पसरून हवेतच होतं. मग तिने त्या अवस्थेत काय काय करता येतं ते शोधलं. औषध घेता येत होतं, तलवार बदलता येत होती, शत्रूकडे निवांत निरखून बघता येत होतं. खेळ करणाऱ्यांनी ती सोय कुणी दारात आलं तर असावी म्हणून ठेवली असणार. आई प्रत्येक लढाईत तीस-चाळीस वेळा दारात गेल्यासारखी वागत होती.

मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. तिने मान न वळवता विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं. मग कोथिंबिरीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "बोलू नकोस फक्त. तो म्हातारा बोलतोय तेवढं पुरे आहे."

मी बोलले नाही. अवघड होतं. तीन वेळा माझा हात माउसकडे जाता जाता कोथिंबिरीवर आला. एका लढाईला तिला पाऊण तास लागला, मला तीन मिनिटं लागली असती. पण त्या पाऊण तासात तिने मला लांडग्यांबद्दल जे सांगितलं ते मला कधीच दिसलं नव्हतं. डावा आधी उडी मारतो आणि उजवा त्याच्याकडे बघून मग मारतो. उजवा नवखा आहे, म्हणाली. वर्गात असतात तसे.

अशी ती डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत खेळली. शत्रू तिच्याबरोबर वाढतात यावरही तिने तोडगा काढला होता. ती लढाया टाळायची. नव्या खेळात भुतं लांबून दिसतात, जुन्यात अचानक अंगावर यायची. मग ती झाडामागून, भिंतीच्या कडेने, त्यांना चाहूल लागू न देता जायची, आणि लेव्हल मुद्दाम खाली ठेवायची. जुन्या खेळात जिने तीन महिने कुरण धोपटलं, ती नव्यात कुणाच्या वाटेला जाईना. दहा जुड्यांचा नियम मात्र तिला शेवटपर्यंत सलत राहिला. बाबांनी प्रत्येक गुहेत काय बदललं त्याची लाल खुणांची वेगळी वही केली आणि सोनेरी बाण दोन ठिकाणी चुकीचा आहे हे सिद्ध केलं. ते पत्र लिहिणार होते, पण कुणाला ते सापडेना.

मे महिन्यात एका दुपारी आईचा ऑफिसात फोन आला. तिने सांगितलं की शेजारच्या काकूंच्या मुलीचं जमलं, आंबे पाठवलेत ते लगेच पेटीतून काढ, टाकीचा नळ बदलला. आणि ते संपलं, म्हणाली. मला आधी कळेना काय संपलं. मग मी खुर्ची मागे सारून उभीच राहिले. राक्षस कसा होता, काय झालं, नदी आली का, सगळं एका दमात विचारलं.

"तू खेळ. कळेल तुला."

खरं म्हणजे मीही तो खेळ कधी पुरा केला नव्हता. जुना फॉरमॅटमध्ये गेला होता, आणि नव्यात माझी मजल एका वटवाघळापर्यंतच होती, तेही दुसऱ्याचं. त्या शनिवारी मी माझ्या खोलीवर खेळ सुरू केला. झपाझप पाच गुहा मारल्या. सहाव्या गुहेत अडकले, बाण भिंतीत शिरत होता. घरी फोन केला तर बाबांनी वही आणायला वेळ घेतला, मग मला पावलं मोजून चालवलं. सातव्या गुहेत एक दार उघडेना. आईने विचारलं की बाहेर कोळ्याच्या जाळ्याखाली बसलेल्या बाईशी बोललीस का. मी बोलले नव्हते. तिथे बाई आहे हेच मला माहीत नव्हतं.

राक्षसाला भेटले ते जूनच्या सुरुवातीला. जुन्या खेळात शेवट एकच असणार, त्याला मारायचं. नव्यात तो आधी बोलतो. फार म्हातारा आहे, उगमावर बसून बसून त्याचे पाय दगडात रुतलेत, आणि त्याला तिथे कुणी बसवलं होतं तेही तो विसरलाय. मग दोन पर्याय येतात: मारा, किंवा सोडवा. मी फार विचार केला नाही. इतक्या लांब येऊन, तलवार हातात असताना, मी मारलं. नदी खळाळत गावात आली, लोक नाचले, मुलाच्या गळ्यात हार पडला.

मी लगेच फोन करून आईला सांगितलं.

"मारलंस?"

"मग तू काय केलंस?"

तिने सोडवलं होतं. त्याचा एकेक पाय दगडातून मोकळा केला, अर्धा तास चालतो तो भाग, कंटाळवाणा असतो म्हणे, पण तिला घाई नव्हती. राक्षस उठला, तिच्याकडे एकदा बघून डोंगरापलीकडे निघून गेला. नदी तिच्याकडेही आली. मी म्हटलं, आणि तो पलीकडच्या गावाच्या उगमावर जाऊन बसला तर? ती म्हणाली की त्याला बसायचाच कंटाळा आला होता, हे तू ऐकलंच नसशील, तू मध्येच बटण दाबलं असशील. मी दाबलं होतं. पण मी ते कबूल केलं नाही. मी म्हटलं की गावकऱ्यांनी मला त्याला मारायला पाठवलं होतं, त्याच्या पायांची काळजी घ्यायला नाही. ती म्हणाली की सातही गावांतल्या सगळ्यांशी ती बोलली होती, आणि मारून या असं त्यातल्या दोघांनीच म्हटलं होतं. बाकीच्यांना फक्त पाणी हवं होतं.

हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. मी नाशिकला गेले की पहिल्या संध्याकाळी कधीतरी निघतोच, आणि दोघींचाही आवाज जरा चढतो. बाबांनी त्यात कधी कुणाची बाजू घेतली नाही. त्यांनी दोन्ही शेवट वहीवरून तपासलेत. त्यांचं म्हणणं, उगम गावापेक्षा नऊ चौकोन खाली दाखवलाय, तेव्हा राक्षस असो वा नसो, पाणी गावात चढणारच नाही. पंप लागेल.